अर्ज, ठराव आणि ओंजळ : महाडच्या चळवळीची घडण

अन्याय पुष्कळ जुना असतो. त्याविरुद्धची चळवळ मात्र एका विशिष्ट वर्षी आणि एका विशिष्ट गावी उभी राहते. मधल्या विलंबाचा उलगडा करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय. केवळ दुःखाच्या जाणिवेतून चळवळी निर्माण होत असत्या, तर कोकणातील अस्पृश्यांची चळवळ कित्येक शतके आधी व्हावयास हवी होती. केवळ शासनाच्या ठरावाने समाज बदलत असता, तर ४ ऑगस्ट १९२३ नंतर चळवळीची गरजच उरली नसती. प्रत्यक्षात यांपैकी काहीही घडले नाही. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य समाज एकत्रितपणे गेला तो २० मार्च १९२७ रोजी. म्हणजे पाणी पिण्याचा हक्क कागदावर मान्य झाल्यानंतर साडेतीन वर्षांनी.

महाडचा सत्याग्रह आपल्या वाचकांना सांगावयास नको. दरवर्षी मार्च महिन्यात आपण त्याचे स्मरण करतो, व्याख्याने होतात, विशेषांक निघतात. परंतु या स्मरणात बहुधा एकच क्षण उजळलेला असतो: बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी पीत आहेत. त्या ओंजळीपर्यंत समाज कसा पोहोचला, आणि तेथून पुढे तो विखुरला कसा नाही, याची चर्चा त्या मानाने थोडी होते. प्रस्तुत लेखात तेवढाच भाग घ्यावयाचा आहे.

आरंभ महाडच्या आसपासच करणे योग्य. दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची व अंमलदारांची बरीच वस्ती होती. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या लष्करात या लोकांना शिक्षण मिळाले होते, पगार मिळाला होता, काहींना हुद्दे मिळाले होते. पेन्शन घेऊन गावी परतल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा गावकुसाबाहेरची जागा आली. ज्याने पलटणीत हुकूम दिले, त्याने गावात कोणाची सावली कोणावर पडते याचा हिशोब ठेवावा, ही विसंगती त्या पिढीला असह्य झाली असल्यास नवल नाही. महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे या पिढीचे पहिले मोठे प्रवक्ते. १८८६ साली ते सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अस्पृश्यतेच्या आधाराविषयी हिंदू समाजाला प्रश्न विचारले आहेत. प्रश्न विचारणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ज्याला बोलण्याचाच अधिकार नाही, त्याने उत्तराची मागणी करणे हीच एक घटना होती.

परंतु वलंगकरांच्या पिढीचे प्रमुख साधन होते अर्ज. १८९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा निवृत्त सैनिकांनी निवेदनांचे मसुदे तयार केले. रामजी सुभेदारांनी या कामी न्या. रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. वलंगकरांनी १८९४ साली असाच अर्ज तयार केला. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी हेच कार्य अधिक संघटित रीतीने चालविले. १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा, १९०८च्या जुलैपासून ‘सोमवंशीय मित्र’ मासिक, १९१० साली विलायतेतील भारतमंत्र्यांकडे लष्कर व पोलीस खात्यांतील नोकऱ्यांसाठी निवेदन, असा तो क्रम आहे. विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांचे शाळा व वृत्तपत्रांचे कार्य याच सुमाराचे.

या पूर्वसूरींकडे ‘अर्जविनंत्या करणारे’ म्हणून किंचित तुच्छतेने पाहण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. ती अनैतिहासिक आहे. अर्ज लिहिण्यासाठी आधी आपल्या दुःखाला मुद्द्यांची रूपरेषा द्यावी लागते. गावोगाव हिंडून सह्या व अंगठे गोळा करावे लागतात. आपण ‘अमुक जातीचे समस्त लोक’ आहोत हे एका कागदावर मांडावे लागते. संघटनेची बाराखडी समाज येथेच शिकला.

तथापि अर्जाला स्वतःचे असे व्याकरण असते, आणि त्या व्याकरणाला मर्यादा असतात. अर्जाचा कर्ता खाली असतो, वाचणारा वर. अर्जदाराला आपली पूर्वसेवा सांगावी लागते, निष्ठेची ग्वाही द्यावी लागते आणि मग उत्तराची वाट पाहावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे अर्जाने मिळते ते देणाऱ्याच्या इच्छेने परत जाऊ शकते. याचे उदाहरण डोळ्यांसमोर घडले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. पाव शतकाच्या अर्जांचे फळ चार वर्षे टिकले.

१९२० हे वर्ष या दृष्टीने सांधा बदलणारे आहे. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, मे महिन्याच्या अखेरीस नागपूरची. या दोन्ही परिषदांस राजर्षी शाहू महाराज उपस्थित होते. उरलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. परतल्यानंतर २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. या सभेच्या नावातील ‘बहिष्कृत’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. आधीच्या संस्था बहुधा जातीच्या नावाने वा जातीला प्रतिष्ठा देणाऱ्या नावाने चालत; ‘सोमवंशीय’ हा शब्द त्याचाच नमुना. ‘बहिष्कृत’ या शब्दात कोणत्याही वंशाचा दावा नाही. ज्यांना बाहेर टाकले ते सर्व, एवढाच त्याचा अर्थ. राजकीय चळवळ घडण्यासाठी आधी ‘आपण कोण’ याचे उत्तर बदलावे लागते, ते येथे बदलले.

आता ठरावाकडे वळू. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात आणलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले; स्थानिक संस्थांना मात्र सल्लाच द्यावयाचा होता. बहुसंख्य संस्थांनी तो सल्ला फायलीत ठेवला. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला: जी नगरपालिका वा स्थानिक मंडळे अंमल करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे.

महाड नगरपालिका अपवाद ठरली. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कायस्थ समाजातील सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी पुढारी तेथे होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कौन्सिलाचा ठराव होता, सरकारचा आदेश होता, नगरपालिकेचा ठराव होता. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्याचे पाणी घेतले नाही.

का घेतले नाही? भित्रेपणा हे त्याचे उत्तर नव्हे; या लोकांत लढाया पाहिलेले शिपाई होते. उत्तर हक्काच्या स्वरूपात आहे. पाणी भरण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला मिळाला होता. परंतु तो बजावण्याची शक्ती कोणाही एका व्यक्तीजवळ नव्हती. बाजारासाठी महाडला आलेला एकटा माणूस तळ्यात उतरला असता तर तो मार खाऊन परतला असता, आणि त्याच्या गावातील कुळवाडी, खोत व सावकार यांनी पुढच्या हंगामात त्याच्या घरादाराचा हिशोब केला असता. कायद्याने व्यक्तीला दिलेला हक्क समूहानेच वापरता येतो, अशी ही परिस्थिती होती. म्हणजे प्रथम समूह हवा. जात म्हणून तो होताच. हवा होता निर्णय घेऊ शकणारा आणि घेतलेला निर्णय पाळू शकणारा समूह.

तो समूह जमविणाऱ्यांत एक नाव आवर्जून घेतले पाहिजे: रामचंद्र बाबाजी मोरे. महाडच्या परिसरातील हा तरुण १९२७ साली जेमतेम चोवीस वर्षांचा होता. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्याला लहानपणीच झगडावे लागले होते. महाडला परिषद भरवावी, बाबासाहेबांना तेथे आणावे, हा ध्यास त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२४ च्या सुमारासच घेतला. पुढे मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. कदाचित म्हणूनच आपल्या व्यासपीठांवरून त्यांचे नाव पुरेसे घेतले जात नाही. इतिहासाने असा संकोच बाळगू नये. संभाजी तुकाराम गायकवाड, अनंतराव चित्रे, सीताराम नामदेव शिवतरकर ही याच फळीतील इतर नावे. बाबासाहेब त्या वेळी नुकतेच कौन्सिलाचे नियुक्त सभासद झाले होते. ठरावांची भाषा त्यांना आतून ठाऊक होती.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या नंतरच्या लेखनात उपस्थितीचा आकडा अडीच हजार असा आहे. चरित्रांतून तो याहून मोठा दिला जातो. परिषदेसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात नगरपालिकेच्या ठरावाने तळे खुले आहे, त्या गावात त्याच तळ्याच्या हक्कदारांनी पाणी विकत घेऊन परिषद भरवावी, यापेक्षा कागदी ठरावाचे कठोर परीक्षण दुसरे कोणते असेल?

अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी दापोलीच्या आपल्या बालपणाचा उल्लेख केला, लष्करी नोकरीने समाजाला काय मिळाले व भरती बंद झाल्याने काय गेले हे सांगितले. मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा, शेतीसाठी जंगलजमिनी मिळवा, असे सांगितले. परिषदेचे ठरावही याच दिशेचे होते: काही स्पृश्य समाजाला उद्देशून, काही सरकारला, काही स्वतःला. ही तिसरी बाजू अर्जाच्या युगात जवळजवळ नव्हती. स्वतःला उद्देशून ठराव करणारी सभा स्वतःला अधिकारी मानू लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या वेळी अनंतराव चित्रे उभे राहिले. पाण्यासाठी झालेल्या खर्चाकडे त्यांनी लक्ष वेधले आणि नगरपालिकेचा ठराव आता अमलात आणावा, सर्वांनी अध्यक्षांसह तळ्यावर जावे, असे सुचविले. सभा उठली आणि रांगेने निघाली. ही कल्पना ऐन वेळी सुचली की आदल्या रात्रीच ठरली होती, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. तीन वर्षे जी गोष्ट प्रत्येकाच्या मनात होती, ती कोणीतरी भर सभेत मोठ्याने उच्चारली, आणि सभेने ती आपली मानली. सूचना एकाची असते. कृती सभेची झाली, हे महत्त्वाचे.

येथे पालीच्या विद्यार्थ्याला विनयपिटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. (आम्हां पालीवाल्यांना सर्वच गोष्टी तिपिटकात सापडतात, असा आमचे मित्र विनोद करतात, तो काही अगदीच निराधार नाही. म्हणून आधीच स्पष्ट करतो: १९२७ मध्ये बाबासाहेब विनयाच्या नियमांनुसार परिषद चालवीत होते, असा दावा येथे मुळीच नाही.) बौद्ध संघात कोणतेही काम ‘कम्म’ या संज्ञेने होते. प्रथम विषय संघापुढे मांडावयाचा, ती ‘ञत्ति’. मग तो एकदा किंवा, काम गंभीर असल्यास, तीनदा उच्चारावयाचा, ती ‘अनुस्सावना’. ज्याला मान्य आहे त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. कामानुसार चार, पाच, दहा वा वीस भिक्खूंची किमान संख्या ठरलेली. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवावी, तिला ‘छन्द’ म्हणतात. मतभेद मिटला नाही तर सलाका वाटून बहुमत घ्यावे, आणि सलाका वाटणारा असा असावा की जो आवड, द्वेष, अज्ञान वा भय यांपैकी कशानेही कलणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला आणि संसदीय रीती या देशाला परक्या नाहीत हे दाखविले.

महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात कम्माचे जे वर्गीकरण आहे ते आपल्या विषयाला विशेष उपयोगी आहे. काम धम्माला धरून आहे की नाही, हा एक निकष. आणि करणारा संघ ‘समग्ग’ आहे की ‘वग्ग’, हा दुसरा. समग्ग म्हणजे सर्व हक्कदार उपस्थित वा संमती देऊन एकत्र असलेला. वग्ग म्हणजे तुटलेला, अपुरा. अधर्माचे काम समग्र संघाने केले तरी ते अग्राह्य. आणि धर्माचे काम वग्गाने केले तर तेही अग्राह्य. योग्य उद्दिष्ट तुटलेल्या समूहाच्या कृतीला वैधता देऊ शकत नाही, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे मांडला गेला, याचे आश्चर्य वाटते. याला जोडून भिक्खुपातिमोक्खात दोन नियम आहेत. धम्मानुसार होणाऱ्या कामाला संमती देऊन मागाहून कुरकुर करणारा भिक्खू पाचित्तिय दोषाला पात्र होतो. आणि संघात विचारविनिमय चालू असता संमती न देता उठून जाणाराही. आपल्या राजकीय पक्षांचा १९५७ नंतरचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना या दोन नियमांवर वेगळे भाष्य नको. रिपब्लिकन पक्षाच्या फुटींची कारणे सांगताना आपण बहुधा व्यक्तींचे स्वभाव आणि सत्ताधाऱ्यांची आमिषे सांगतो. दोन्ही खरी आहेत. परंतु मतभेद नोंदवून एकत्र राहण्याची रीत आपल्या पक्षांनी कधी मनावर घेऊन बसविली नाही, हे तिसरे कारणही तितकेच खरे आहे.

अर्थात संघाची तुलना फार ताणू नये. संघ गृहत्याग केलेल्यांचा होता. महाडला जमलेल्यांच्या पाठीशी घरे, मुले, कर्ज, वतनाची जोखडे होती. भिक्खूच्या हातून फार तर संघातील स्थान जाई. या लोकांच्या हातून पोटाची भाकरी जाणार होती.

ती किंमत त्याच दुपारी द्यावी लागली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. मंडपात परतलेल्या, जेवत असलेल्या, गावी निघालेल्या लोकांवर जमावाने हल्ला केला. अन्न मातीत तुडविले गेले. गावोगाव निरोप गेले आणि परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारण्यात आले. बाबासाहेब डाकबंगल्यात होते. तेथे त्यांच्या शब्दाची वाट पाहत पुष्कळ लोक उभे होते, त्यांत माजी सैनिकही होते. प्रतिहल्ल्याचा शब्द मिळाला नाही. पुढे खटला होऊन पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याची ‘शुद्धी’ एकशे आठ घागरींनी करण्यात आली. त्यात पंचगव्य होते. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, आणि ४ ऑगस्ट रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती.

माझ्या मते चळवळीची खरी परीक्षा मार्चमध्ये नव्हे, डिसेंबरमध्ये झाली. २५ डिसेंबरपासून सत्याग्रह परिषद भरणार असे जाहीर झाले होते. त्याआधी तळे ही खाजगी मालमत्ता आहे असे सांगून काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. महाडात परिषदेला जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. गावातील व्यापारी धान्य विकण्यास तयार नव्हते, म्हणून शिधा बाहेरून जमवावा लागला. बाबासाहेब व मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगाव बंदरास उतरले, आणि तेथे वाट पाहत असलेल्या सत्याग्रहींसह रांगा करून पायी महाडला आले. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पाण्याने आपण अमर होणार नाही, आपल्याला समतेची पायाभरणी करावयाची आहे, असा त्यांचा आशय होता. त्या रात्री बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारा ब्राह्मण होता, हे बाबासाहेबांच्या चळवळीला ब्राह्मणद्वेष म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग प्रश्न आला सत्याग्रहाचा. मनाईहुकूम मोडावा की न मोडावा? बाबासाहेबांनी निर्णय जाहीर करून टाकला नाही. प्रश्न परिषदेपुढे ठेवला. बाजूने आणि विरुद्ध भाषणे झाली. परिषदेचा कल सत्याग्रहाकडे होता, आणि तुरुंगात जाण्यास तयार असणाऱ्यांची नावे नोंदविण्यात आली: ३,८८४ नावे. कलेक्टरने मंडपात येऊन सत्याग्रह न करण्याविषयी सांगितले, तेव्हाही लोक डगमगले नाहीत. त्यानंतर बाबासाहेबांनीच सहकाऱ्यांशी विचार करून परिषदेला सांगितले की आपला लढा स्पृश्यांशी आहे. न्यायालयाचा हुकूम मोडल्यास तो सरकारशीही होईल, आणि दोन्ही आघाड्या एकाच वेळी उघडणे या घडीला शहाणपणाचे नाही. दावा लढवू, तोवर सत्याग्रह तहकूब ठेवू. परिषदेने तो ठराव मान्य केला. मग मोठी मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला स्पर्श न करता परतली.

या तहकुबीला कोणी माघार म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. आदल्या दिवशी तुरुंगाची तयारी केलेले चार हजारांच्या जवळ लोक दुसऱ्या दिवशी पाण्याच्या काठावरून मागे वळतात, आणि परतताना फूट पडत नाही, कोणी एक गट ‘आम्ही जातोच’ म्हणून पाण्यात उतरत नाही, याचा अर्थ काय? मार्चमधील कृती उत्साहाने होऊ शकली असती. डिसेंबरमधील निवृत्ती केवळ उत्साहाने होऊ शकत नाही. विनयाच्या भाषेत सांगायचे तर तेथे समग्ग संघ होता. नेत्यावरील विश्वास हे त्याचे एक कारण खचितच; परंतु भाषणे ऐकून, विरुद्ध मतेही ऐकून मग मान्यता दिलेली असल्यामुळे तो निर्णय प्रत्येकाचा होता.

याच परिषदेच्या अखेरीस चर्मकारवाड्यात स्त्रियांची सभा झाली. राहणीवरून, लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, दागिन्यांवरून ओळखू येणारी जात टाकून द्या, मुलींना शिकवा, असे बाबासाहेबांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी स्त्रिया पायघोळ लुगडे नेसून आल्या, असे वर्णन आहे. पुरुषांना पाण्यासाठी चार वर्षे लागली आणि तरी तळे लांबच राहिले; स्त्रियांनी आपला ठराव एका रात्रीत अमलात आणला. आपल्या इतिहासलेखनात या घटनेला दोन ओळींहून अधिक जागा क्वचित मिळते.

दाव्याची कथा लांब आहे. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली, ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ साली वादींविरुद्ध निर्णय दिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा आधार होता. शब्दांकडे नीट पाहावे. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे मुळातच अन्याय्य आहे असे न्यायालय म्हणाले नाही. वादींचा पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणाले. पुरावा पुरा पडला असता तर? या ‘तर’चे उत्तर तत्कालीन कायद्यात नव्हते, आणि न्यायालयात जिंकूनही राजकीय सत्तेची गरज बाबासाहेबांना का वाटत राहिली याचे कारण त्यात आहे. रूढीला कायद्याचे बळ असते तोवर प्रत्येक तळ्यासाठी नवा दावा लढावा लागतो.

म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा चळवळ दुसऱ्या टप्प्यावर पोहोचलेली होती. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला होता. त्याच्या नावात ‘बहिष्कृत’ हा शब्दही आता नव्हता. १९३७ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत बाबासाहेबांबरोबर या पक्षाच्या वतीने विधानसभेवर गेलेल्यांत अनंतराव चित्रे होते आणि सुरबानाना टिपणीसही होते; एक जण सभेत उभा राहून तळ्याकडे चला म्हणणारा, दुसरा नगरपालिकेत तळे खुले करणाऱ्यांपैकी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. महाडच्या अस्पृश्याला तळ्यापासून दूर ठेवणारी भीती ज्या जमीनव्यवस्थेतून येत होती, तिलाच त्या विधेयकाने हात घातला होता. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील कुळे, त्यांत महार होते आणि कुणबीही होते, मोर्चाने मुंबईच्या विधिमंडळावर आली.